रहस्यकथा लिहितेय, नायिका रील्सवाली, गाव वाई: प्लॉट कुठे फाटतोय ते सांगा

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी, गेली दोन वर्षं एक रहस्य कादंबरी अर्धवट पडलीय. वाईतली एक मुलगी, घाटावरचे, वाड्यातले, नऊवारीतले रील्स टाकते, लाखभर फॉलोअर्स, सगळे पुण्यामुंबईचे नाहीतर परदेशातले. तसंही वाईला खोटं दिसायची सवयच आहे, इथे इतकी शूटिंगं झालीत की आमचा घाट पडद्यावर कधी बिहार असतो कधी यूपी. तर ही मुलगी मे महिन्यात गायब होते पण तिच्या अकाउंटवर पोस्ट्स येतच राहतात आणि दोन महिने कुणालाच काही कळत नाही. नवऱ्याचं म्हणणं, हल्ली पोलीस दोन मिनिटांत आयपी अॅड्रेस (कुठल्या नेट कनेक्शनवरून पोस्ट पडली तो नंबर) काढतात, तुझं पुस्तक विसाव्या पानावर संपेल. खरंय का हे??

जुना_हवालदार
दोन मिनिटांत फक्त वेब सिरीजमध्ये 😄 खरं असं असतं की आधी घरच्यांनी मिसिंग नोंदवायला पाहिजे, मग तपासी अंमलदार इन्स्टाच्या कंपनीला नोटीस पाठवणार, पूर्वी सीआरपीसी (जुना फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम ९१ होतं आता १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस (त्याच्या जागी आलेला नवा कायदा) कलम ९४, मग लॉगिनची माहिती कधी येईल तेव्हा येईल. आणि आयपी आला तरी मोबाइल नेटवर एकच आयपी एकावेळी कितीतरी गिऱ्हाइकांना वाटलेला असतो, पोर्ट नंबर (त्या आयपीवरचं नेमकं कनेक्शन ओळखायचा आकडा) आणि नेमकी वेळ नसेल तर मोबाइल कंपनी कुणाचं नाव सांगणार? सीडीआर (कॉलची नोंद), टॉवर लोकेशन मिळतं पण तालुक्याच्या गावात एका टॉवरखाली अर्धी पेठ येते. फक्त कोर्टाचा सीन लिहिणार असाल तर स्क्रीनशॉटची नुसती प्रिंट चालते असं दाखवू नका. सर्टिफिकेट लागतं, आधी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं आता नव्या साक्ष्य अधिनियमात कलम ६३. सुप्रीम कोर्टाचा यावरचा २०२० चा मोठा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या केसमधलाच आहे, खोतकर-गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेनंतर भरला का, ते निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवरून ठरलं होतं.

रीलवाला_बंटी
ताई पोस्ट्स येत राहायला कुणी हॅक वगैरे करायची गरजच नाही, प्रोफेशनल अकाउंटला इन्स्टावर ७५ दिवस पुढचं शेड्यूल करून ठेवता येतं. म्हणजे १० मेला बसून सगळं लावलं तर २४ जुलैपर्यंत रील्स आपोआप पडत राहतील. फोटोतून लोकेशन निघतं हे पण लिहू नका, अपलोड झाल्यावर ती माहिती उडते, व्हॉट्सॅपवरही तेच, फक्त डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते (हा मस्त क्लू होईल, फुकट घ्या). स्टोरी मेटाच्या बिझनेस सूट अॅपमधून शेड्यूल होते पण कमेंटला उत्तर कोण देणार?

मधली_आळी
मी माहेरची वाईची म्हणून बोलते, राग मानू नकोस. तुझा प्लॉट पोलिसांपाशी नाही, घाटावर फाटतोय. मेमध्ये शूट केलेलं रील जुलैत पडलं तर त्यात काय दिसणार? नदी खाली गेलेली, खालच्या पायऱ्या कोरड्या, लख्ख ऊन. आणि खऱ्या जुलैत ढोल्या गणपतीपाशी काय परिस्थिती असते सांग बरं, पुराची धार फुटावी म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलीय ती काय शोभेला? ते पुण्यामुंबईचे लाखभर लोक "किती शांत, स्वर्ग" म्हणून बदाम टाकतील पण आळीतल्या बायकांना पहिल्याच रीलला कळेल की हे आजचं नाही. दोन महिने कुणालाच कळत नाही?? अगं आमच्याकडे कुणाकडे पाहुणा आला तर चहा उकळायच्या आत समोरच्या घरात माहीत असतं.

कृष्णाकाठची
अरे देवा. मी तर जुलैच्या प्रकरणात ऊन पडलेलं लिहून बसलेय. मग आता काय, जागा बदलू? मेणवलीच्या घाटावर नेऊ का?

मधली_आळी
तिथेही तीच कृष्णा गं, वरून धोमचं पाणी सोडलं की तिथलाही घाट बुडतो. जागा कशाला बदलतेस, उलट कर ना. सगळ्यांना माहितीय आणि सगळे गप्प आहेत. घरात धाकटीचं लग्न ठरतंय, थोरली निघून गेली हे बाहेर फुटलं तर स्थळ मोडेल, म्हणून आळी तोंड मिटून बसलीय, आणि ते रील्स शेड्यूल केलेत आईनं. खुन्याबिन्याचं नंतर बघ.

रीलवाला_बंटी
आईनं 😳 ताई कादंबरी यांच्याकडूनच लिहून घ्या

जुना_हवालदार
आमच्याकडे अशा केसेसमध्ये घरचेच मिसिंग द्यायला येत नसत. आले तरी "मामाकडे गेलीय" म्हणून परत जायचे. हे पटण्यासारखं आहे.

कृष्णाकाठची
मधली आळी ताई, तुमच्या पाया पडते. आयपीचं अख्खं प्रकरण उडवतेय, ४० पानं गेली तर गेली. एकच अडचण, आईला शेड्यूल करायला शिकवलं कुणी? ती तर व्हॉट्सॅपवर गुड मॉर्निंगच्या पलीकडे जात नाही.

मधली_आळी
धाकटीनं.

कृष्णाकाठची
!!!