आजोबांचा वेंगुर्ल्यातला छापखाना आणि बिनसालाची पुस्तकं

रेडीची_लेक:
माझ्या आईच्या वडिलांचा वेंगुर्ल्यात छापखाना होता. त्याच नावाने ते पुस्तकंही काढत: भजनं, ग्रामदेवतेचं माहात्म्य, दोन कुलवृत्तान्त, एक सामाजिक नाटक. छापखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. माझ्या हाती अकरा पुस्तकं आणि वाळवीने कडा खाल्लेली जमाखर्चाची वही आलीय. चार पुस्तकांवर शके आहे, बाकीच्यांवर कसलंच साल नाही. नाटकाच्या दोन प्रतींची मुखपृष्ठं वेगवेगळी आहेत, म्हणजे दोन आवृत्त्या निघाल्या का? मामा म्हणतो, "कित्याक उकरतंस? तेच्यात कधी पैसो गावलो नाय." पण मला सगळा क्रम लावायचाय. सुरुवात कुठून करू?

वाचनालय_कट्टा:
शके असेल तिथे ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चमधलं काम असेल तर ७९. १९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहा. १८६७ च्या कायद्यामुळे सरकार छापलेल्या पुस्तकांची तिमाही यादी काढायचं. तिच्यात पानं, किंमत आणि किती प्रती छापल्या तेही असतं. पण सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान होतं, तेव्हा तिथे छापून घेतलेलं काही असेल तर त्या यादीत मिळेलच असं नाही.

जुना_खिळेवाला:
ताई, सूच्या नंतर. आधी पुस्तकच नीट बघा. ऑफसेट छपाई येईपर्यंत मी मालवणात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचो. साल छापायला मालकच नको म्हणायचे. साल दिसलं की गिऱ्हाइकाला पुस्तक जुनं वाटतं. पण साल लपवलं तरी बाकीचं सगळं बोलतं. किंमत आण्यांत असेल तर बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचं. 'नये पैसे' असेल तर त्यानंतरचं, आणि १९६४ ला ते 'नये'ही गेलं. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ च्या अलीकडचं. 'जि. सिंधुदुर्ग' असेल तर १ मे १९८१ नंतरचं नक्की. 'जि. रत्नागिरी'वर मात्र विसंबू नका. जुळवून ठेवलेला पत्ता झिजेपर्यंत वापरणारे चिंगूस मालक मी पाहिलेत. अनुस्वारही बघा. १९६२ च्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार गेले, पण आमच्याकडचे गुरुजी लेखक पुढेही ते हट्टाने लावून घ्यायचे.

आता मुखपृष्ठाचं. छोट्या छापखान्यात अख्ख्या पुस्तकाला पुरतील एवढे खिळेच नसत. एक फर्मा, म्हणजे एका कागदावर एकदम छापायची पानं, जुळवायचा, प्रूफ काढायचं, ट्रेडलवर (पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर) छापायचा, रॉकेलने धुवायचा, खिळे सोडवून केसमध्ये, म्हणजे कप्प्यांच्या पेटीत, ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे, की मग पुढचा फर्मा. म्हणजे दुसरी आवृत्ती काढायची तर पुस्तक पहिल्यापासून जुळवणं आलं. कोणाला परवडणार? म्हणून हजार छापायचे आणि शे-दोनशेच बांधायचे. बाकीचे फर्मे सुतळीने बांधून माळ्यावर. बांधलेले खपले की पुढची खेप, आणि तेव्हा मुखपृष्ठाला हाताशी असेल तो कागद, असेल ती शाई. ताडून बघायचं असेल तर दोन्ही प्रतींतलं तेच पान शेजारी शेजारी ठेवा. रफाराचं टोक उडालेलं, उकार तुटलेला, एखादा खिळा तिरका बसलेला, हे दोन्हींत जागच्या जागी असेल तर जुळणी एकच.

मामांचं म्हणणं खरं आहे. छापखाना चालायचा तो लग्नपत्रिका, बिलबुकं आणि निवडणुकीच्या हँडबिलांवर. पुस्तकाचं काम पावसात, लग्नसराई आटोपली की. आणि पावसात आपल्याकडे कागद ओल धरून फुगतो, दुसरा रंग जागेवर बसत नाही. लाल शाई सरकलेली दिसली तर आषाढातलं काम समजा. (हा पुरावा कोर्टात टिकायचा नाही!)

कुलवृत्तान्ताची गोष्ट वेगळी. तो कुळातल्या लोकांच्या वर्गणीवर निघायचा, आजोबांना त्यात तोटा नसणार. शेवटच्या पानांवर वर्गणीदारांची नावं असतील, ती गावासकट वाचा. गिरगाव-दादरचीच जास्त निघतील.

रेडीची_लेक:
काका, नाटकाचं पान ताडून पाहिलं. चौथ्या ओळीतला 'र्थ' दोन्हीकडे तसाच फुटका आहे! बाकीची पुस्तकं मिळण्याची शक्यता कुठे?

वाचनालय_कट्टा:
वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय १८७१ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. दोन्हीकडे पुस्तक मागण्याआधी जुनं दाखल रजिस्टर बघायला मागा. पुस्तक फाटून बाद झालं तरी नोंद राहते, आणि नोंदीला तारीख असते. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही विचारा, पण तिथे २००५ आणि २०२१ च्या पुरात पाणी शिरलं होतं, फार आशा धरू नका.

जुना_खिळेवाला:
आणि वहीत 'रद्दी' नावाचं खातं शोधा. माळ्यावरचे फर्मे वजनावर विकले की ती रक्कम तिथे जमा व्हायची. ज्या साली मोठी रक्कम दिसेल, त्याच्या आसपास आजोबांनी पुस्तकं काढणं सोडलं असेल.