सापाच्या विषावरची लस फ्रीजमध्ये असताना रत्नागिरीला का पाठवतात?

माडाखालचा:
आमचं गाव राजापूर तालुक्यात, पार आत. परवा शेजारच्या काकूंना भाताचा तरवा काढताना फुरसं (विषारी साप) चावलं. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नेलं तर धनुर्वाताचं टीटी टोचलं आणि थेट रत्नागिरीच्या सिव्हिल हॉस्पिटलला रेफर. लस फ्रीजमध्ये होती हे नंतर तिथल्याच शिपायाने सांगितलं. १०८ची गाडी दुसऱ्या केसला गेलेली, मग गाडीवाल्याने ३००० घेतले, हायवेचे खड्डे वेगळेच. काकू वाचल्या. पण रात्री खिशात ३००० नसलेल्या माणसाने काय करायचं? आणि लस असून देत का नाहीत?

जुना_एमओ:
मी असल्याच केंद्रात डॉक्टर म्हणून काम केलंय. ही लस घोड्याच्या रक्तापासून बनते, कुणाला रिअ‍ॅक्शन येईल सांगता येत नाही, बीपी धाडकन पडतं. रात्री तुम्ही एकटे, सोबत एक सिस्टर आणि बाहेर पन्नास माणसं. पेशंट दगावला तर मार कोण खाणार? म्हणून रेफरची चिठ्ठी फाडायची. बरोबर आहे असं म्हणत नाही, पण असंच होतं.

सिस्टर_चिपळूण:
डॉक्टर, भीती कळते हो, पण रिअ‍ॅक्शनवर अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन असतंच की केंद्रात. आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही हे बघायला लॅबही लागत नाही, कोऱ्या काचेच्या ट्यूबमध्ये थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायची नाही, मग आडवी करायची, रक्त पातळच राहिलं तर लस चालू. साधारण १० व्हायल (लसीच्या कुप्या) पहिल्यांदा लागतात, त्या लावून मग पाठवा ना रत्नागिरीला! डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचू चावलेल्या पेशंटवर काम सुरू केलं ते महाडजवळच्या बिरवाडी पीएचसीतच, कुठल्या मोठ्या हॉस्पिटलात नाही.

खाडीपलीकडचा:
साप सगळे आमच्याकडे आणि आयसीयू सगळे शहरात 😀 आमच्याकडे अजून आधी भगताकडे नेतात, चावल्याच्या वर करकचून दोरी बांधतात. दोरी नको, चिरा देणं नको, पाय हलवू न देता उचलून न्या.

माडाखालचा:
@सिस्टर मग गावाने मागायचं काय आणि कुणाकडे?

सिस्टर_चिपळूण:
प्रत्येक पीएचसीला रुग्ण कल्याण समिती असते, सरपंचांना घेऊन तिथे जा. पावसाआधी लसीचा स्टॉक किती आणि रात्री ड्युटीवर कोण, दोन्ही लेखी मागा. नुसतं 'लस आहे का' विचारलंत तर 'आहे' म्हणून मोकळे होतील.