मदत हवी आहे : वेबसिरीजचा पायलट अर्धा झालाय, पैसे संपलेत. सगळे हक्क देऊन पूर्ण करावा का?

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहिते आहे, पण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आम्ही तिघं गेलं दीड वर्ष एका वेबसिरीजच्या मागे आहोत. लेखन-दिग्दर्शन माझं, कॅमेरा एका मैत्रिणीकडे, एडिट एका मित्राकडे. सहा भाग, प्रत्येक दहा-बारा मिनिटांचा. गोष्ट जवळजवळ सगळी एकाच खोलीत घडते. रात्रपाळीला हेल्पलाइनचे फोन घेणारी एक बाई आणि तिला येणारे फोन. पलीकडची माणसं कधीच दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. एक जागा, एकच मुख्य कलाकार, म्हणजे आपल्या आवाक्यातलं काम, असा आमचा हिशेब होता.

पायलटची, म्हणजे नमुन्यादाखल करायच्या पहिल्या भागाची, पटकथा चौदा पानांची. तीन दिवसांत उरकायचं ठरलं होतं. दोन दिवसांत नऊ पानं झाली आणि घोडं अडलं. दुसऱ्या दिवशी शिफ्ट लांबली, जादा तासांचे पैसे द्यावे लागले आणि तिसऱ्या दिवसासाठी ठेवलेली रक्कम तिथेच संपली. सगळा खर्च पदरमोड करून चाललाय. एकूण बजेट १०० धरलं तर आमची वाटणी अशी होती : कॅमेरा, लेन्स आणि लाइट ३८, कलाकार आणि क्रूचं मानधन २२, जागा आणि सेट १४, युनिटचा प्रवास आणि बाकी खर्च १०, एडिट-कलर-मिक्स मिळून १०, साउंड ६. बेरीज शंभर झाली, पण अडीअडचणीसाठी एक पैसाही वेगळा काढला नव्हता हे आता दिसतंय.

साउंडला ६ ठेवले त्याची किंमत आता मोजतोय. पायलटमधला माझा सगळ्यात जवळचा शॉट असा आहे : ती रिसीव्हर कानाला लावून बसली आहे, पलीकडचा मुलगा बोलायचं थांबलाय, आणि अकरा सेकंद ती फक्त वाट बघते. कॅमेरा तिच्या बोटांवर. एडिटवर हेडफोन लावून बघितलं तर चौथ्या सेकंदाला शेजारच्या खोलीतला फ्रिज ‘टक्’ करून सुरू होतो आणि शेवटपर्यंत घरघरत राहतो. सेटवर आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. इतर चार-पाच शॉटमध्येही संवादाखाली तीच घरघर आहे. ज्या सिरीजचा सगळा जीव आवाजात आहे, तिथे हे झालंय. दोन रात्री मला झोप लागलेली नाही.

आता मुद्दा. ओळखीतून एक गृहस्थ भेटले. उरलेला सगळा खर्च ते करायला तयार आहेत. त्यांनी पाठवलेल्या दोन पानी मसुद्यात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, संपूर्ण जग, कायमस्वरूपी’ त्यांच्याकडे, निर्माता म्हणून नाव त्यांचं, आणि आम्हाला ‘निव्वळ नफ्यातला वाटा’ असं लिहिलंय. माणूस वागायला चांगला वाटला. सही आठवड्याभरात हवी आहे.

माझे प्रश्न : हे घ्यावं का? घेऊ नये तर पाच पानांच्या शूटचे आणि साउंडचे पैसे कुठून उभे करावेत? आणि अर्ध्या पायलटवर लोकांकडून वर्गणी मागता येते का, की आधी पूर्ण करून दाखवावाच लागतो? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

मी लोकेशन साउंड करतो, म्हणून आधी त्याबद्दल. तुम्हाला सगळ्यात वाईट वाटणारा शॉट खरं तर सगळ्यात सोपा आहे. त्या अकरा सेकंदांत संवाद नाहीत. म्हणजे सेटवरचा आवाज पूर्ण काढून टाका आणि तो तुकडा नव्याने बांधा. त्याच खोलीत फ्रिज, पंखा सगळं बंद करून किमान एक मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. त्यावर खुर्चीची किरकिर, बोटं रिसीव्हरवर सरकल्याचा आवाज, तिचा श्वास वेगवेगळे रेकॉर्ड करून चढवा. प्रेक्षकाला तो शॉट आधीपेक्षा जवळचा वाटेल.

संवादाखालची घरघर वेगळी गोष्ट. ती पूर्ण शॉटभर एकसारखी असेल तर नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरने बरीच निघते, पण त्यासाठी बऱ्याचदा फक्त घरघर असलेला दोन-तीन सेकंदांचा नमुना लागतो. प्रत्येक टेकमध्ये ‘अ‍ॅक्शन’च्या आधीचा तुकडा तपासा, तिथे तो मिळतो. वाक्याच्या मध्येच फ्रिज सुरू झालाय तिथे मात्र दुसऱ्या टेकचा आवाज बसवून बघा, नाहीतर डबिंग. सफाई जास्त केली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, तेव्हा थोडी घरघर राहिली तरी राहू द्या.

फोनवरच्या माणसांचे आवाज तर तुम्ही आजही नव्याने रेकॉर्ड करू शकता, कारण ओठ दिसतच नाहीत. ते खऱ्या फोनवरून घेऊ नका. चांगल्या माइकवर, ४८ किलोहर्ट्झ २४ बिटला (हे रेकॉर्डिंगचं सेटिंग) स्वच्छ घ्या आणि मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, फोनचा करा. जुन्या टेलिफोन लाइनवरून आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. वरचं-खालचं कापलं की कान लगेच ‘फोन’ म्हणतो. किती कापायचं हे प्रत्येक कॉलला वेगळं ठेवता येईल, आणि कुठला कॉल किती जवळचा वाटावा हे त्यातून तुमच्या हातात राहील.

पुढच्या वेळी फ्रिज बंद केलात की गाडीची किल्ली त्यातच ठेवा. आमच्यात सगळे हेच करतात. पॅकअपला किल्ली घ्यायला गेलं की फ्रिज चालू करायची आठवण होतेच.

प्रतिसाद २

सही करू नका, निदान या मसुद्यावर तरी. मी वकील नाही, पण निर्मितीच्या बाजूने बरीच करारपत्रं वाचली आहेत.

त्या गृहस्थांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण ते पैसे देताहेत एका पायलटच्या उरलेल्या भागाचे, आणि मागताहेत सहाही भाग, पुढचे सीझन, इतर भाषांतली रूपांतरं, सगळंच. हे दोन वेगळे सौदे आहेत. त्यांना सांगा की पायलटमध्ये घातलेल्या पैशाची वसुली आधी त्यांची होईल. स्वतंत्र निर्मितीत बऱ्याचदा रूढ असलेली पद्धत अशी : जे काही उत्पन्न येईल त्यातून गुंतवणूकदाराला आधी त्याची पूर्ण रक्कम आणि वर साधारण २० टक्के, म्हणजे १०० घातले तर १२०, आणि त्यानंतर जे उरेल ते गुंतवणूकदार आणि निर्माते यांच्यात निम्मं-निम्मं. निर्माता म्हणून नाव द्यायला हरकत नाही. श्रेयनामावलीतलं नाव म्हणजे हक्क नव्हेत.

सिरीजचे हक्क त्यांना हवेच असतील तर ऑप्शन द्या. म्हणजे १२ किंवा १८ महिन्यांची मुदत. त्या काळात त्यांनी पूर्ण सिरीजचे पैसे उभे केले तर ठरलेल्या अटींवर हक्क त्यांच्याकडे, नाही केले तर ते आपोआप तुमच्याकडे परत. ‘आपोआप’ हा शब्द करारात असू द्या, नाहीतर नंतर पत्रव्यवहारात वर्षं जातात. आणि ‘निव्वळ नफा’ म्हणजे कुठले खर्च वजा जाता, हे लिहिलेलं नसेल तर त्या वाट्याला काही अर्थ उरत नाही.

यापेक्षा महत्त्वाचं : तुम्हा तिघांत लेखी काय आहे? पटकथा तुमची, पण मित्राने एडिटवर गोष्ट बदलली असेल, मैत्रिणीने कॅमेरा फुकट आणला असेल. उद्या कोणी विकत घ्यायला आलं तर तो पहिल्यांदा हक्कांची साखळी तपासतो. लेखकाचा करार, प्रत्येक कलाकाराचं संमतिपत्र, जागेची परवानगी, संगीत. यातली एक कडी गळाली तरी सौदा अडतो. संगीतात तर दोन हक्क असतात, रचनेचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. फक्त महोत्सवापुरता परवाना घेतलेलं गाणं पायलटमध्ये असेल तर प्लॅटफॉर्मवर जाताना परवाना वाढवून घ्यावा लागतो, नाहीतर ते काढावं लागतं.

प्रतिसाद ३

वर्गणीबद्दल सांगते. आम्ही एक मोहीम यशस्वी केली आणि त्याआधीची एक पडली.

किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या साइटवर लक्ष्य पूर्ण झालं तरच पैसे हातात येतात, नाहीतर कोणाचेच पैसे कापले जात नाहीत. मोहीम जास्तीत जास्त ६० दिवसांची. साइटचे ५ टक्के, शिवाय पैसे घेण्या-देण्याचं शुल्क वेगळं. लक्ष्य ठरवताना हे आणि वर्गणीदारांना द्यायच्या भेटवस्तूंचा खर्च आत धरा. आमच्या पहिल्या मोहिमेत आम्ही टी-शर्ट देऊ केले आणि हिशेब मांडल्यावर कळलं की छपाई-टपालातच वर्गणीचा तिसरा हिस्सा जाणार होता. दुसऱ्या वेळी फक्त डिजिटल गोष्टी दिल्या : पटकथेची प्रत, नामावलीत नाव, एडिटच्या टेबलावरचे व्हिडिओ.

अर्ध्या पायलटवर मागता येतं का? येतं, पण काहीतरी बघायला-ऐकायला द्यावंच लागतं. उदाहरणं बघा. फेलिशिया डे यांची ‘द गिल्ड’ ही वेबसिरीज २००७ मध्ये आली. सुरुवातीचे भाग पदरच्या पैशाने केले, ते लोकांनी बघितले, आणि मग त्याच प्रेक्षकांच्या देणग्यांवर पहिला सीझन पुढे गेला. नंतर मायक्रोसॉफ्टबरोबर सौदा झाला तेव्हाही मालकी डे यांनी स्वतःकडे ठेवली. तुमच्या प्रश्नासाठी हे फार महत्त्वाचं आहे. इसा रे यांनी २०११ मध्ये यूट्यूबवर सिरीज सुरू केली, काही भाग लोकांपर्यंत पोचल्यावर किकस्टार्टरवर हाक दिली आणि ५६ हजार डॉलरच्या वर जमले, तेही दोन हजारांच्या आसपास माणसांकडून. दोन्हीकडे आधी बघणारी माणसं आली, मग पैसे. ‘द चोझन’ या मालिकेने तर एक लघुपट दाखवून एक कोटी डॉलरच्या वर उभे केले, पण ती देणगी नव्हती. ती भागभांडवलातली गुंतवणूक होती आणि तिचे कायदे प्रत्येक देशात वेगळे आहेत. त्या वाटेला सल्ला घेतल्याशिवाय जाऊ नका.

तुमच्याजवळ दाखवण्यासारखं काय आहे? एक कॉल. अडीच-तीन मिनिटांचा, आवाज नीट केलेला, एवढाच घ्या.

प्रतिसाद ४

जरा वेगळं मत मांडतो. विकायचा पायलट आणि प्रेक्षकांसाठीचा पहिला भाग या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पोस्टमध्ये त्यांची सरमिसळ झाली आहे. विकायचा असेल तर तो आत्ता सार्वजनिक करू नका. बरेच महोत्सव पहिलं प्रदर्शन आपल्याकडे मागतात. सनडान्स चित्रपट महोत्सवात मालिकांचा विभाग आहे, डेन्व्हरचा सीरीजफेस्ट २०१५ पासून फक्त मालिकांसाठीच आहे. प्रत्येकाचे नियम आधी वाचा. प्रेक्षकांसाठी करत असाल तर उलट, एका भागावर थांबू नका. ‘ब्रॉड सिटी’ ही विनोदी मालिका २००९ ते २०११ वेबवर छोट्या छोट्या भागांत चालली, टीव्हीवर ती २०१४ ला गेली. सहा भागांऐवजी तीन-तीन मिनिटांचे कॉल करा. पाच पानांचं शूट आहे त्यात दोन कॉल बसतात का बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस गप्प होते कारण सांगितलेलं करून बघत होते.

काल रात्री खोली बंद करून दीड मिनिट रिकामा आवाज घेतला. मुख्य कलाकार ताई स्वतःहून आल्या, एक पैसा न घेता, आणि तो रिसीव्हर हातात धरून अंधारात पुन्हा तसाच श्वास घेतला. एडिटवर तो बसवून ऐकला. अकरा सेकंदांत खोली ऐकू येते, ती ऐकू येते, बाकी काही नाही. मित्राने हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं तेव्हा मला रडू आलं.

तिघांत लेखी करार केला. दोन पानंच आहेत, पण पटकथेचे हक्क माझे, पायलटचे तिघांचे आणि कोणी सोडून गेलं तर काय, एवढं त्यात आहे. तो लिहिताना कळलं की मैत्रिणीला वाट्यापेक्षा पुढच्या भागांचा कॅमेरा आपल्याकडेच राहील याची खात्री हवी होती. दीड वर्षात मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं.

त्या गृहस्थांना १२०-निम्मं-निम्मं आणि १२ महिन्यांचा ऑप्शन असं लिहून पाठवलं. त्यांचा फोन आला. रागावले नाहीत, पण पूर्ण हक्कांशिवाय रस नाही म्हणाले. मी नको म्हटलं. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते, कारण पैसे अजूनही नाहीतच.

प्रतिसाद ४ मधलं वाचून पटकथा पुन्हा काढली. उरलेल्या पाच पानांतली दोन खोलीबाहेरची होती, ती कापली. राहिली तीन. तीन पानं एका दिवसात होतात आणि लाइट आता निम्मे लागतील, कारण तो सगळा प्रसंग टेबलावरच्या एका दिव्यात घेता येतो. बजेट नव्याने मांडलं आहे : या वेळी साउंड २२, अडीअडचणीसाठी १०, कॅमेरा आणि लाइट मिळून १८.

मुलाच्या कॉलचा तीन मिनिटांचा तुकडा मिक्स करून खासगी लिंकवर तीस माणसांना पाठवणार आहे आणि त्यानंतरच मोहिमेचं लक्ष्य ठरवणार आहे. प्रतिसाद ३ देणाऱ्या ताई, एक शेवटचं विचारायचं होतं. मोहीम सुरू व्हायच्या आधी तुम्ही किती दिवस लोकांशी बोलत होतात, आणि पहिल्या दिवशी पैसे देतील अशी किती माणसं आधीच पक्की करून ठेवली होती?