कासवाचे डोळे सुजलेत तर आधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की पिल्लाचे दोन्ही डोळे सुजून बंद झालेत, खाणं सोडलंय आणि आजवर फक्त डब्यातली सुकी कोळंबी देत होतात, तर मला तरी हे व्हिटॅमिन ए कमी पडल्याचं लक्षण वाटतंय. रेड इअर्ड स्लायडर या घरी पाळल्या जाणाऱ्या पाणकासवात हे खूप कॉमन आहे. नुसत्या सुक्या कोळंबीत ते पुरेसं मिळत नाही, मग पापण्यांच्या आतल्या ग्रंथी सुजतात, डोळा उघडत नाही, आणि स्लायडर बघून खाणारा प्राणी असल्याने समोर टाकलेलं दिसतच नाही म्हणून उपाशी राहतो.

वरच्या कमेंट्समध्ये काहींनी गुलाबपाणी आणि घरातले आय ड्रॉप सुचवलेत, प्लीज ते घालू नका, माणसांच्या कित्येक ड्रॉपमध्ये स्टिरॉइड असतं आणि इन्फेक्शन असेल तर ते आणखी चिघळतं. व्हिटॅमिन एचं इंजेक्शनसुद्धा अंदाजाने नको, डोस जास्त झाला तर कातडी सोलून निघते. सरपटणारे प्राणी बघणारा व्हेट शोधा आणि लवकर जा, त्यात नाकातून बुडबुडे येत असतील किंवा पोहताना एका बाजूला कलत असेल तर आजच, कारण तो न्यूमोनिया असू शकतो.

तोवर पाणी पूर्ण बदला, क्लोरीन काढलेलं घाला, साधारण २६ डिग्री ठेवा. बसायला कोरडी जागा आणि वर यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) देणारा दिवा हवाच, खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसतंच. डोळे उघडले की चांगले टर्टल पेलेट्स (कासवांचं तयार दाणेदार खाद्य), किसलेलं गाजर, लाल भोपळा सुरू करा.