अनुभव धागा: मूल चुकतं तेव्हा आधी कुणाकडे बघता?

बेळगाव शहरातल्या मराठी शाळांत शिकवणाऱ्यांनी लिहावं. नेमकं काय करता तेवढंच, स्वतःच्या गोष्टी नकोत.

तिसरी-चौथी, गणित (वडगाव)
सत्तेचाळीस म्हटल्यावर 74 लिहिणारं पोर कच्चं नसतं, ते कानावर पडलं तसं लिहितं. मराठीत सात आधी येतात, चाळीस मागून. कन्नडमधलं 'नलवत्तेळु' (चाळीस-सात) मात्र अंकांच्याच क्रमानं चालतं, आणि आपल्या गल्लीतल्या बहुतेक पोरांना ते दुकानात ऐकून माहीत असतं. म्हणून काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या घ्यायच्या. गठ्ठे उचलताना 'नलवत्तु', सुट्या उचलताना 'एळु', मग अंक लिहायचे आणि शेवटी मराठीत वाचायचे. रोज पाच-सहा संख्या पुरतात.

एकोणचाळीसचं दुखणं वेगळं. पोर 'चाळीस' ऐकतं आणि 49 लिहितं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतचा हा गट निराळा घ्यावा, चार गठ्ठ्यांतून एक काडी काढून दाखवावी. नव्याण्णव या गटात बसत नाही, तेही सांगावं. दहा वेळा लिहायला लावून काही सुधारत नाही, कारण चूक हाताची नाही. फळ्यावरून उतरवलेलं बरोबर आलं म्हणून फसू नका, तोंडी सांगून तपासा.

कन्नड विषय (शहापूर)
'मराठी घरातल्या मुलाला कन्नड येत नाही' हे मनातून काढल्याशिवाय हा विषय शिकवता येत नाही. बोलणं बरंचसं येतं, अडतं ते लिपीत. जोडाक्षरात मुलं अर्धं अक्षर शोधतात, कन्नडमध्ये दुसरं अक्षर खाली लटकतं. सुरुवात अक्क, अप्प, अम्म या शब्दांनी करा, ते तोंडात असतातच.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घ ए-ओची. 'केरे' म्हणजे तळं, 'केरी' म्हणजे गल्ली. पहिल्यातला के आखूड, दुसऱ्यातला लांब. मूल समासात देवनागरीत उच्चार लिहून ठेवतं, तिथं दोन्ही के सारखेच दिसतात. लिहू द्यावं, पण आखूड असेल तिथं लाल ठिपका द्यायला लावावा. टाळ्या वाजवून फरक ऐकवला तर आणखी लवकर बसतो.

दहावी, समाजविज्ञान
चाचणीनंतर सुटलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर मुलांनीच लिहायचं: 'माहीत नव्हतं', 'प्रश्न कळला नाही' किंवा 'वेळ पुरला नाही'. एकाच प्रश्नासमोर बऱ्याच जणांनी 'प्रश्न कळला नाही' लिहिलं असेल तर तो धडा पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही. 'कारणे द्या' आणि 'फरक स्पष्ट करा' यांत काय वेगळं मागितलंय ते आपण शिकवलेलं नसतं. पुढच्या तासाला फक्त प्रश्न वाचायचे, उत्तरं नाहीत.

पाचवी, वर्गशिक्षिका (खासबाग)
कापडाच्या मागावर पाळीनं काम करणाऱ्यांच्या घरी फोन करण्याआधी पाळी विचारून ठेवा. पहिला फोन तक्रारीचा नको: "मावशी, आज तुमच्या पोरीनं शेजारणीला भागाकार समजावून दिला बघा." गैरहजेरीबद्दल दुसऱ्या फोनवर बोलता येतं.