'मॅसोकिझम'ला 'आत्मपीडन' चालेल का?

अनुवादिनी:
मंडळी, अडलेय. मानसशास्त्राच्या इतिहासावरचं एक प्रकरण मराठीत आणतेय. 'मॅसोकिझम'ला, म्हणजे मार खाण्यात, सोसण्यात सुख मिळण्याच्या वृत्तीला, डोळे झाकून 'आत्मपीडन' लिहीत गेले. वीस पानं झाल्यावर संपादकबाईंनी समासात लिहिलं, "मग भिंतीवर डोकं आपटून घेणाऱ्या पेशंटसाठी कोणता शब्द ठेवलात?" त्यांचं बरोबर आहे, म्हणून जास्तच चिडचिड होतेय. सोमवारी मजकूर द्यायचाय.

लिमलेट:
परपीडन-आत्मपीडन ही जोडी कॉलेजपासून ऐकतोय. चालत्या गाडीला खीळ कशाला?

कोरडवाहू:
मॅसोकिझमच ठेवा की. टेबल पचलं, स्टेशन पचलं, हेही पचेल.

जुना_वाडा:
सगळंच पचवायचं तर अनुवाद तरी कशाला करता? आणि मूळ शब्द समजून घ्या आधी. लॅटिनमध्ये 'मास' म्हणजे पुरुष. बाईच्या हातचा मार खाण्यात धन्यता मानणारा पुरुष तो मॅसोकिस्ट. त्यावरून संस्कृतात शब्द घडवणं अवघड नाही.

दुर्बीण:
काका, ते आडनाव आहे हो. लेओपोल्ड फॉन झाखर-माझोख. जन्म १८३६, लेम्बर्ग, म्हणजे आजच्या युक्रेनमधलं ल्विव. १८७०च्या त्याच्या कादंबरीतला नायक एका बाईशी करार करून तिचा गुलाम होतो. तसाच करार लेखकाने आदल्या वर्षी स्वतःही केला होता. क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने १८९०मध्ये या वृत्तीला त्याचं नाव दिलं. समर्थन काय, तर रंगांधळेपणाला शास्त्रज्ञ डाल्टनचं नाव चालतं, मग हे का नाही! पण डाल्टन जाऊन तेव्हा शेहेचाळीस वर्षं झाली होती, ज्याच्या नावावरून 'सॅडिझम' (परपीडन) आलं तो साद तर १८१४मध्येच गेला होता. हा बिचारा हयात होता. पुढची पाच वर्षं, मरेपर्यंत, आपल्या आडनावाचा रोग झालेला त्याने पाहिला. त्याला ते मुळीच आवडलं नव्हतं.

लिमलेट:
म्हणजे इंग्रजांनी 'ख'चा 'क' केला. आता 'माझोखिझम' लिहायचं का? माझोखचा 'माज' उतरवला म्हणायचा.

जुना_वाडा:
आडनाव असेल तर असो. मग शब्द मुळातच अपारदर्शक आहे आणि मराठी प्रतिशब्दाची गरज उलट वाढते. 'पीडासुख' घ्या. दोन शब्द, अर्थ स्वच्छ.

दुर्बीण:
हीच तर गंमत आहे, 'पीडासुख' १८९२मध्येच होऊन गेलंय. श्रेंक-नोट्झिंग नावाच्या म्युनिकच्या डॉक्टरने ग्रीक शब्द जोडून 'अल्गोलाग्निया' केला. अल्गोस म्हणजे वेदना, लाग्निया म्हणजे कामवासना. तुमच्या शब्दाची सख्खी बहीण. लैंगिकतेवर लिहिणाऱ्या इंग्रज हॅवलॉक एलिसनेही तोच उचलला. पण क्राफ्ट-एबिंगचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मते मार हा गौण, मुख्य गोष्ट दुसऱ्याच्या इच्छेपुढे संपूर्ण शरण जाणं. प्रत्यक्ष मार न बसता नुसत्या कल्पनेनेही त्याचे काही रुग्ण सुखावत. त्यांतले बरेचजण तर त्याचं पुस्तक वाचून आपणहून पत्रं लिहिणारे होते. म्हणून 'पीडा' घातलीत की तुम्ही श्रेंक-नोट्झिंगच्या बाजूने मत दिलंत.

अनुवादिनी:
बाप रे. म्हणजे प्रत्येक प्रतिशब्दाला एक डॉक्टर चिकटलाय. मग 'दास्यरती'?

जुना_वाडा:
अजिबात नाही. दास्य ही नवविधा भक्तीतली सातवी भक्ती आहे. मारुतीला कुठे नेऊन बसवताय?

कोरडवाहू:
मारुतीला कोणी बसवलं नाही काका, तुम्हीच आणलात. तसं तर 'रती'लाही मग सोवळं नेसवावं लागेल.

वरणफळ:
अवांतर: क्राफ्ट-एबिंग झोंबणारे तपशील लॅटिनमध्ये लिहायचा, सामान्य वाचकाला कळू नयेत म्हणून. पुस्तक तरी खपायचं ते खपलंच. आपल्याकडे ते काम संस्कृत करतं. 'पीडासुख' म्हटलं की कोणी लाजत नाही. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३ चालवलं, त्यांना कोर्टात खेचलं ते सगळ्यांना समजेल असं लिहिलं म्हणूनच. पंडिती संस्कृतात लिहिते तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं.

दुर्बीण:
ताई, अजून एक खाच. फ्रॉइडने १९२४च्या लेखात तीन प्रकार केले: कामुक, 'स्त्रैण' आणि नैतिक. नैतिकमध्ये चाबूकही नाही आणि बाईही नाही. माणूस नोकरी घालवतो, जमलेलं लग्न मोडतो, कारण आत कुठेतरी अपराधीपणा आहे आणि शिक्षा हवीय. तिथे 'रती' लावून चालणारच नाही.

वरणफळ:
त्याला आमच्या आईचा शब्द होता, 'विकतचं दुखणं'. मामाबद्दल वापरायची. बरं चाललं की मामा काहीतरी काढायचाच.

कोरडवाहू:
विकतचं दुखणं! ताई, हेच घ्या. संपादकबाई फेटा उडवतील.

अनुवादिनी:
मोह होतोय. पण विकतच्या दुखण्यात माणूस मूर्ख असतो, फ्रॉइडच्या प्रकारात अपराधी. आणि पुढचंच पान या शब्दांच्या दुखण्याचं आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेला 'मॅसोकिस्ट व्यक्तिमत्त्व' हे निदान आणायचं होतं. बायका भडकल्या. मारणाऱ्या नवऱ्याकडे राहणाऱ्या बाईला उद्या डॉक्टर म्हणणार, तुलाच आवडतं. मग नाव मवाळ करून 'स्वतःचा पराभव ओढवून घेणारं व्यक्तिमत्त्व' केलं आणि त्यांच्या निदान-पुस्तकाच्या १९८७च्या आवृत्तीत परिशिष्टात टाकलं. १९९४मध्ये तेही काढलं. त्याच्या कितीतरी आधी, १९३५मध्ये, कारेन हॉर्नाय या मनोविश्लेषक बाईने सांगितलंच होतं, की बाईच्या सोसण्याला स्वभाव म्हणण्याआधी ती कुठल्या समाजात राहते ते बघा.

लिमलेट:
आणि आता? अजून रोगच आहे का तो?

दुर्बीण:
२०२२पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतून वगळलाय. संमतीने, कुणाला त्रास न होता चाललं असेल तर आजार नाही. अमेरिकनांनी ठेवलाय, पण माणसाला स्वतःला त्याचा जाच होत असेल किंवा जगण्यात अडथळा येत असेल तरच 'विकार' म्हणायचं.

जुना_वाडा:
पाश्चात्त्यांना यात एवढं संशोधन करावं लागलं. आमच्याकडे पोतराज भर चौकात स्वतःला फोडून काढतो.

कोरडवाहू:
काका, त्याची इथे गल्लत नको. आमच्या दारी मरीआईचा पोतराज यायचा. मी आजीला विचारलं होतं, त्याला लागत नाही का गं? म्हणाली, "लागतं की रं. पण त्येचं पोट हाय त्येच्यावर." यात ना रती, ना अपराध.

वरणफळ:
आजीला दंडवत. बाकी त्याच्या हातातल्याला आमच्याकडे 'आसूड' म्हणतात. तुमच्याकडे?

कोरडवाहू:
कोरडा. कोरडे ओढतो म्हणायचे.

जुना_वाडा:
कोरडा म्हणजे सुका. ओल्या चामड्याचा तो आसूड, वाळल्यावर कोरडा. व्युत्पत्ती उघड आहे.

लिमलेट:
काका, हिंदीत 'कोडा' आहे. तो काय ओला असतो?

वरणफळ:
पण मग साताऱ्याकडे भाकरीबरोबरच्या कालवणाला 'कोरड्यास' म्हणतात ते? ते तर चांगलं पातळ असतं.

कोरडवाहू:
कोरड्या भाकरीस लावायचं ते कोरड्यास. माझ्या सासुरवाडीला सुकी भाजी केली तरी कोरड्यासच म्हणतात.

जुना_वाडा:
चूक. सविस्तर उद्या लिहितो.

अनुवादिनी:
सोमवार म्हटलं होतं मी.