मदत हवी आहे: चालू सर्व्हरमध्ये नवा प्लगिन चढवला की क्रॅश

रात्रपाळी: दोन दिवस डोकं उठलंय. सर्व्हर बंद न करता प्लगिन (मुख्य प्रोग्रामला जोडलेला कोडाचा तुकडा) बदलायचाय. नवी फाइल टाकतो, रीलोडचा सिग्नल देतो, की झोपला. कधी सेगफॉल्ट, कधी बस एरर, दोन्ही मेमरीच्या चुका. कधी तर सिग्नल द्यायच्या आधीच. कोड बरोबर आहे, शंभरदा पाहिलाय. लवकर सांगा.

खटपट्या: भाषा कुठली? ओएस? आणि "टाकतो" म्हणजे नक्की काय करता?

जुनाखोड: अर्लँग भाषा घ्या. टेलिफोन एक्स्चेंज बंद पाडून चालत नाही, म्हणूनच एरिक्सनमध्ये ती जन्मली. मॉड्यूलच्या जुनी आणि चालू अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी नांदतात. तिसरी चढवायची तर सगळ्यात जुन्या कोडात अडकलेल्या प्रोसेस मारल्या जातात.

रात्रपाळी: सी, लिनक्स. चार वर्षांचा कोड आहे, अर्लँग कुठून घेऊ?

दुसरीखिडकी: मुळात चालू प्रोसेसच्या पोटात हात घालूच नये. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बघा. यूएसआर2 सिग्नल दिला की नवा मास्टर (मुख्य प्रोसेस) उभा राहतो, उघडे सॉकेट (नेटवर्क जोडणीची टोकं) त्याला आयते मिळतात. मग जुन्याला हातातलं काम उरकून जायला सांगायचं.

जुनाखोड: आणि मेमरीतली स्टेट, म्हणजे चालू आकडे, नोंदी? तीही आयती मिळते वाटतं!

दुसरीखिडकी: स्टेट मेमरीत ठेवायला सांगितलं कोणी?

गप्पिष्ट: माझा लॅपटॉप अपडेट आला की आपोआप रीस्टार्ट होतो. ते बंद कसं करायचं?

खटपट्या: गप्पिष्ट, वेगळा धागा काढा. रात्रपाळी, फाइल कशी टाकता ते अजून सांगितलं नाहीत.

रात्रपाळी: सीपीने, कॉपीच्या कमांडने. आणखी कशाने टाकणार?

खटपट्या: तिथेच घोळ आहे. सीपी त्याच आयनोडवर, म्हणजे डिस्कवरच्या त्याच मूळ फाइलवर लिहितं, आधी फाइल शून्यावर आणून. तीच फाइल तुमच्या प्रोसेसने मॅप केलेली, म्हणजे मेमरीत जोडून घेतलेली असते, म्हणजे चालत्या फंक्शनच्या पायाखालचा कोड बदलतो. चालू एक्झिक्युटेबलवर लिहायला गेलात तर 'टेक्स्ट फाइल बिझी' म्हणून लिनक्स अडवतं, शेअर्ड लायब्ररीला, म्हणजे तुमच्या प्लगिनसारख्या फाइलला, अडवत नाही. त्याच डिरेक्टरीत वेगळ्या नावाने कॉपी करा, मग एमव्हीने नाव बदलून जुनीच्या जागी आणा. जुना आयनोड जुन्या मॅपिंगपाशी शाबूत राहतो. आणि डीएलक्लोजने जुनी लायब्ररी सोडण्याआधी एकही थ्रेड तिच्या कोडात नाही याची खात्री करा.

रात्रपाळी: क्रॅश गेला!! पण रीलोडनंतर कनेक्शनचा आकडा शून्य दाखवतोय.

खटपट्या: तो प्लगिनमध्ये स्टॅटिक, म्हणजे लायब्ररीच्या आतच साठवलेला असणार. नव्या लायब्ररीबरोबर नवा स्टॅटिक येतो, कोराच. स्टेट मुख्य प्रोग्राममध्ये ठेवा आणि प्लगिनला फक्त पॉइंटर (तिचा मेमरीतला पत्ता) द्या.

रात्रपाळी: दिला. आता आकडा भलताच येतोय. परवा स्ट्रक्टमध्ये (स्टेटच्या साच्यात) मधेच एक फील्ड घातलं होतं, त्याने काही होतं का?

जुनाखोड: जुनी स्टेट नव्या साच्यात ओतायला अर्लँगमध्ये कोड_चेंज नावाचं वेगळं फंक्शनच असतं. सहज सांगितलं.